बांधाचा पेंढा

बतूल मुकादमला गावात समोरून 'बतूलचाची' म्हणतात आणि पाठीमागून 'म्हशींची बेगम'. दुसरं नाव तिला ठाऊक नाही असं ज्याला वाटत असेल, त्यानं तिच्या गोठ्यात एकदा चपला घालून शिरून बघावं. रोह्याजवळ, धाटावच्या रस्त्याला डोंगराच्या कुशीत पाचपन्नास कौलारू घरं आहेत, त्यांतलं शेवटचं घर तिचं, आणि घरापेक्षा गोठा मोठा. सात म्हशी. वय साठीला टेकलेलं, गुडघे कुरकुरणारे, जीभ ठणठणीत. कारखान्यांच्या सकाळच्या शिफ्टची बस यायच्या आत तिचं दूध नाक्यावरच्या टपऱ्यांवर पोचलेलं असतं. आजवर त्या दुधात कुणाला पाणी सापडलं नाही. सापडलंय असं कुणी म्हटलं असतं, तर तिनं त्याला त्याच पाण्यात बुडवलं असतं.

तिचा एक सिद्धान्त होता आणि तो ती जनावरांच्या डॉक्टरलाही ऐकवायची. "म्हैस निम्मं दूध खाऊन देते आन् निम्मं बसून. बसली तर रवंथ, रवंथ तर दूध. आन् ओल्यात कोण बसतंय?" म्हणून पावसाळ्याचे चार महिने तिच्या गोठ्यात वीतभर उंचीचा भाताचा पेंढा अंथरलेला असे. रोज सकाळी ओला काढायचा, सुका टाकायचा. शेजारी राहणारी तिची जाऊ अमीना म्हणायची, "माणसांना चटई नाय मिळत, आन् हिच्या म्हशींना गाद्या." एरवी एकाला चार ऐकवणारी बतूल ह्यावर मात्र गप्प बसायची.

त्या गप्प बसण्याला कारण होतं. तिचा नवरा फुरकान कुवेतला पाण्याचा टँकर चालवायचा. एकोणीस वर्षं. दर दोन वर्षांनी दीड महिना घरी, बाकी फोनवर संसार. सहा वर्षांपूर्वी तो तिकडंच झोपेत गेला आणि तिकडच्याच मातीत गेला. गावचा एक माणूस त्याची बॅग घेऊन आला. बॅगेत चार कपडे, एक घड्याळ आणि प्लास्टिकच्या पिशवीतून अजून न काढलेलं एक जाडजूड लाल ब्लँकेट; पुढच्या खेपेला घरी आणायचं म्हणून त्यानं घेऊन ठेवलं होतं. बतूलनं ते माळ्यावर टाकलं आणि पुन्हा त्याला हात लावला नाही. रडायचं तेवढं रडून झालं. पण एक गोष्ट तिच्या मनातून कधी गेली नाही: आपलं माणूस शेवटी कोरड्यात निजलं का ओल्यात, एवढंही तिला कुणी सांगितलं नव्हतं. मग ती उठायची आणि म्हशींच्या खालचा पेंढा हातानं चाचपून बघायची.

आता पेंढा म्हणजे काय मोठी चीज, असं लांबच्या माणसाला वाटेल. ज्याला घ्यावा लागतो त्याला विचारा. दहा वर्षांपूर्वी शेकडा दोनशेला पेंढ्या दारात उतरायच्या. उतरवणारा वर चहा मागायचा नाही. यंदा शेकडा हजाराच्या खाली कुणी बोलायला तयार नव्हतं. मार्चपासून आंब्याच्या पेट्या भरायला पेंढा जातो. त्यातून वाचला तो पेणला गणपतीच्या कारखान्यांत जातो, मूर्ती बांधायला. देवाच्या सोंडेला धक्का लागू नये म्हणून जो भाव मोजतात, तो म्हशीच्या पोटासाठी कोण मोजणार? भाताचं तूस वीटभट्ट्यांनी उचललेलं. कापणीला मशीन आलं, ते पेंढ्याचा चुरा करून शेतातच सोडतं. आणि निम्मी शेतं तर ओसाडच पडलेली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? डॉक्टर म्हणाले, रबरी मॅट घाला. बतूल म्हणाली, "तुम्ही निजून बघा आधी." पण हिशेब तिलाही कळत होता. नाकापेक्षा मोती जड व्हायला लागला होता.

त्यात यंदा जांभळी गाभण होती. सात म्हशींतली ही तिची लाडकी, रंगानं खरंच जांभळासारखी. गेल्या खेपेला तिचं पिल्लू ओल्यात पडून आठ दिवसांत गेलं होतं आणि ती महिनाभर रिकाम्या खुंट्याकडं बघून ओरडत होती. आता आषाढ संपता संपता तिचे दिवस भरत होते. ह्या वेळी तिच्या पिल्लाला कोरड्यात उतरवायचं, बतूलनं मनाशी ठरवून टाकलं होतं. बाकी दुनिया इकडची तिकडं झाली तरी चालेल.

अशा वेळी हरेश टेंपो घेऊन दारात आला.

हरेश खारेपाटातला, डोलवीच्या पलीकडं खाडीला लागून असलेल्या एका गावचा. तिशीतला, बोलका. आधी ठेकेदाराकडं होता, आता टेंपो घेऊन मिळेल तो माल फिरवायचा. चारशे पेंढ्या आणल्या होत्या, शेकडा चारशे. बतूलनं एक पेंढी उचलून नाकाला लावली. सोनेरी, कडक, बुरशीचा मागमूस नाही. भर पावसात असा पेंढा बघून कुणाचाही जीव हरखला असता.

पण तिच्या मनात पाल चुकचुकली. पेंढी कमरेला एक बंध घालून बांधतात. ह्या पेंढ्यांना दोन बंध होते, एक डोक्याशी, एक पायाशी. जसं मय्यताचं कफन बांधतात तसं.

दोन बंधांची पेंढी काय असते हे रोह्याच्या बाजूला फारसं कुणाला ठाऊक नाही. बतूलला ठाऊक होतं, कारण तिचं माहेर नागोठण्याच्या खाली, अंबेच्या खाडीकाठचं. खाऱ्या पाण्याला बांध घालून तिकडं शेती करतात. उधाणाला बांध फुटला की त्याला खांड पडली म्हणतात, आणि ती खांड त्याच भरतीत बुजवली नाही तर अख्ख्या गावाची शेतं खारी होतात. म्हणून भाताची झोडणी झाली की घराघरातून पाच पेंढ्या बांधाच्या नावानं निघायच्या, हिंदूच्या घरातून आणि मुसलमानाच्याही. दोन बंध घालायचे, म्हणजे पाण्यात सुटत नाहीत. त्यांची उडवी, म्हणजे गंजी, बांधावरच रचायची. तो पेंढा विकायचा नाही, जनावराला घालायचा नाही, त्यावर कुणी बसायचंही नाही. तो बांधाचा. लहानपणी एकदा त्या उडवीवर चढून बसली म्हणून बतूलनं अब्बांच्या हातचा मार खाल्ला होता.

"कुठनं आणलास रं?" तिनं विचारलं.

"आमच्याच गावचा चाची. जुनी उडवी होती, कुणाच्या कामाची नाय."

बतूलनं दोन बंधांकडं बघितलं, मग जांभळीच्या खाली लोंबणाऱ्या पोटाकडं बघितलं. आणि तिनं पैसे मोजून दिले. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते खोटं आहे. अक्कल असते, गरजवंत तिला गप्प बसवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीचा ओला थर काढून तिनं नवा पेंढा पसरला. दूध नाक्यावर घालून परतली तेव्हा सात वाजले होते. बघते तर एकही म्हैस बसलेली नाही. सातही जणी उभ्या, आणि सातही जणींची तोंडं उत्तरेकडच्या भिंतीकडं. भिंतीपलीकडं डोंगर. कान ताठ, रवंथ बंद. बतूलनं थापट्या मारल्या, शिव्या घातल्या, पाय ओढून बघितला. जांभळीनं नुसती मान वळवून तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा भिंतीकडं तोंड केलं.

बतूलनं वाकून पेंढ्यात हात घातला. खालून दमट लागला. कौलं तपासली, कुठं गळत नव्हतं. नऊ वाजता पुन्हा हात घातला तर पेंढा कडक कोरडा.

तिसऱ्या दिवशी आठला तो ओला झाला. चौथ्या दिवशी नऊला, आणि ह्या वेळी नुसता दमट नाही. मुठीत पिळला तर थेंब गळाले. दोन-तीन तासांनी पुन्हा कोरडा. संध्याकाळीही तेच. बाहेर धो धो पाऊस असो की उघाड असो, गोठ्यातलं ते पाणी आपल्या वेळेला यायचं आणि आपल्या वेळेला जायचं. जमिनीतून झरा लागला म्हणावं, तर पेंढा बाजूला केला की खालची फरशी कोरडी. ओला व्हायचा तो फक्त पेंढा. म्हशी रात्रंदिवस उभ्या. दूध निम्म्यावर आलं. जांभळीच्या पायांवर सूज चढली. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, म्हशींना काही झालेलं नाही, जागा बदला. सात म्हशी न्यायच्या कुठं, अमीनाच्या स्वयंपाकघरात?

"दुसरा घाल ना पेंढा," अमीना म्हणाली.

"कुठला घालू गो? तीन दिवस फोन फिरवतेय. पेणवाले म्हणतात, गणपती रवाना झाले की बघू."

ताडपत्री घालून बघितली, जुन्या गोणी घालून बघितल्या. पेंढा बाहेर काढून गोठ्याच्या ओट्यावर टाकला, तरी म्हशी बसेनात. जणू पेंढा कुठं का असेना, त्यांना त्याची चाहूल होती.

पाचव्या दिवशी दहाला बतूल ओट्यावर त्या पेंढ्याच्या राशीशेजारी घड्याळ घेऊन बसली, फुरकानचंच घड्याळ. पाऊस थांबला होता, स्वच्छ ऊन पडलं होतं. आणि त्या उन्हात, तिच्या डोळ्यांसमोर, पेंढ्याचा रंग बदलला. खालून वर, काडी काडी करत, सोनेरीचा काळपट होत गेला. आवाजही होता, अगदी बारीक, चिखलात बुडबुडे फुटावेत तसा. तिनं एक काडी उचलून जिभेवर ठेवली.

खारट. खाडीचं पाणी.

मग तिला एकदम उमगलं. रोज जवळपास तासभर पुढं. हे तर तिनं माहेरी लहानपणापासून बघितलं होतं. ही भरती होती. पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या खाडीला भरती चढली की तिच्या गोठ्यातला पेंढा भिजत होता, ओहोटी लागली की सुकत होता. आणि रोज जास्त भिजत होता, कारण अमावास्या जवळ येत होती. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिनं बघितलं: तीन दिवसांनी आषाढातलं मोठं उधाण, दुपारी पाऊणला. जांभळीचे दिवसही त्याच वेळी भरत होते.

तिनं हरेशला फोन लावला. तो उचलेना. दोन दिवस लावत राहिली. अमावास्येच्या सकाळी, दूध घालून ती परत येते तर हरेशचाच टेंपो दारात उभा. हरेश खाली उतरला. आठ दिवसांत माणूस निम्मा झाला होता.

"चाची," तो म्हणाला, "माझा टेंपो सुकत नाय."

"काय?"

"मागचा हौदा. फडक्यानं पुसला, धुतला, उन्हात उभा केला. भरतीच्या टायमाला पाणी येतंय. काल तर वरपर्यंत."

बतूलनं त्याला पुढं एक शब्द बोलू दिला नाही, आधी पायरीवर बसवलं, चहा दिला. मग विचारलं, "बांधाचा पेंढा व्हता ना तो?"

हरेशनं मान खाली घातली. "तुला कळलं व्हतं?"

"दोन बंध बघूनच कळलं व्हतं," बतूल म्हणाली. "तू चोरलास, मी डोळे मिटून घेतला. आता सांग सगळं."

हरेशनं सांगितलं ते असं. गावची शेती चार वर्षांपूर्वी खारी झाली, तेव्हापासून कुणी भात लावत नाही. लोक कंपन्यांत कामाला लागले, बांधाकडं कुणी फिरकत नाही. त्यामुळं बांधाची उडवीही कुणी रचत नाही, असंच त्याला वाटत होतं. पण आठ दिवसांपूर्वी तो खाडीकडं गेला तर उडवी उभी! नवीकोरी. कुणीतरी शाकारून ठेवलेली. गावात भात नाही तर हा पेंढा आला कुठून, हा विचार त्याला शिवला नाही. त्यानं टेंपो लावला आणि भरला.

"आन् आत..." तो अडखळला. "वरचा थर काढला तर मधी पोकळी व्हती चाची. माणूसभर लांब. तळाचा पेंढा दबलेला, कुणी रोज निजल्यासारखा. मी म्हटलं कुत्रा निजत आसंल. हात लावला तर ऊब व्हती."

गोठ्यातून जांभळी हंबरली, लांबलचक, कळ आल्यासारखी. बतूल धावत आत गेली. म्हैस थरथरत होती, शेपूट उचललेलं होतं, पण बसायला तयार नव्हती. डोळे भिंतीकडंच. उभ्यानं व्याली तर पिल्लू फरशीवर आपटणार, आणि पाऊणच्या उधाणाला ह्या गोठ्यात काय चढेल ते अल्लालाच माहीत.

"भर," बतूल म्हणाली. "सगळा भर. एक काडी राहता कामा नये."

"शेणानं भरलाय निम्मा..."

"भर म्हणते ना!"

दोघांनी मिळून पेंढा भरला. रचलेला, पसरलेला, उकिरड्यावर टाकलेलासुद्धा. गुडघे बोंबलत होते, बतूलनं त्यांचं ऐकलं नाही. शेवटी खराट्यानं गोठा झाडून तिनं चिमूटभर काड्याही गोणीत घातल्या. जांभळीला अमीनाच्या हवाली करून ती टेंपोत चढली तेव्हा साडेदहा झाले होते. मागं उघड्या, कोरड्या फरशीवर सात म्हशी उभ्या होत्या, अजून उत्तरेकडं बघत. आणि टेंपोही त्याच दिशेला निघाला होता.

नागोठणं मागं पडलं तसा पाऊस लागला. वडखळच्या पुढं आत वळून, डोलवीच्या धुराड्यांना वळसा घालून, ते खारेपाटात शिरले. मागच्या हौद्यातून आता पाणी टपकत होतं. बतूल मागं वळून बघत नव्हती. बाराला टेंपो बांधाच्या तोंडाशी उभा राहिला. एका अंगाला चढती खाडी, काळी आणि फुगलेली. दुसऱ्या अंगाला ओसाड शेतं, आणि त्यांच्या पलीकडं गावातली घरं. बांध फुटला तर आज पाणी शेतात थांबणार नव्हतं, घरात शिरणार होतं.

बांधावर एक म्हातारी वाकून काहीतरी अंथरत होती. जवळ गेल्यावर दिसलं, ते तिचं स्वतःचं लुगडं होतं. एक अंथरून झालं होतं, दुसरं अंथरत होती. त्या जागी बांधाला तडा गेला होता आणि तड्यातून पाणी पाझरत होतं.

"इंदुबाय," हरेश पुटपुटला. "पुंडलिक आजोबांची बायको."

म्हातारीनं मान वर केली. टेंपोकडं बघितलं, हरेशकडं बघितलं, मग बतूलकडं. रागावली नाही. तेच जास्त वाईट होतं.

"आणलास?" ती म्हणाली. "बरा झाला. तो आठ दिस ओल्यान हाय."

"कोण?" बतूलनं विचारलं. उत्तर तिला बहुतेक ठाऊक होतं.

"माजा घोव." इंदुबाईनं तड्यावर हात ठेवला, झोपलेल्या माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा. "वीस वरसां झाली. हितंच खांड परली. गावचे बापये पेंढा कवलून खांडीन उबे रायले, येकमेकांना चिकटून, आन् मागून चिखल टाकीत व्हते. खांड बुजली. मग गनती केली तं येक कमी. सगली म्हनाली, पान्यानं नेला. पान्यानं नेला आसता तं बांद ऱ्हायला आसता का गो? तो हितंच हाय. बांद धरून हाय."

खाडीचं पाणी बांधाच्या खांद्याला लागलं होतं.

"दर साल मी उडवी रचतंय त्याच्यावर," इंदुबाई म्हणाली. "शेती व्हती तवा गाव देयाचा. आता मी डोंगराकडच्या गावांना जाऊन लावनी-कापनी करतंय, मजुरीला पैसं नको म्हनतंय, पेंढा घेतंय. डोक्यावरनं आनतंय. त्याच्या आंगाखाली कोरडा पायजे ना."

शेकडा चारशेनं तिनं काय विकत घेतलं होतं ते आत्ता तिच्या ध्यानात आलं. ह्या बाईनं वर्षभर दुसऱ्याच्या शेतात वाकून एका माणसापुरतं अंथरूण मिळवलं होतं, आणि ते तिच्या म्हशींच्या खुरांखाली गेलं होतं. लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखी लाज.

"मावशे, शेण लागलंय त्याला," ती कशीबशी म्हणाली.

"लागू दे गो. बांदाला शेन चालतंय. मानसाचा हात नाय लागत म्हनून बांद फुटतंय."

मग तिघं कामाला लागली. हरेश पेंढ्या फेकत होता, बतूल झेलत होती, इंदुबाई तड्यात बसवत होती आणि पायानं दाबत होती. हरेश चिखल ओढायला लागला. दोन बंधांच्या पेंढ्या एकीवर एक बसत गेल्या. पाऊण वाजला. खाडी वर चढली, बांधाच्या माथ्यापासून चार बोटं राहिली. पाण्याचा दाब वाढला तसा तो बुजवलेला भाग आतून हलला. बतूलचे दोन्ही हात तेव्हा कोपरापर्यंत पेंढ्यात होते. तिला वाटलं, सगळं सुटलं आता.

सुटलं नाही. आतून कुणीतरी पेंढ्या कवळून घेतल्या. दुसऱ्या शब्दांत ते सांगता येत नाही. दोन्ही हातांनी मिठी मारून ओझं छातीशी घ्यावं तशा त्या पेंढ्या आत ओढल्या गेल्या आणि जागच्या जागी घट्ट झाल्या. तिच्या हातांना ऊब लागली. पाझर थांबला. चिखलातून एक उसासा आला, दिवसभर उभं राहून शेवटी अंथरुणाला पाठ टेकणाऱ्या माणसाचा. तो हरेशनंही ऐकला. तो तिथंच चिखलात खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

इंदुबाईनं उरलेल्या पेंढ्यांची वर उडवी रचायला घेतली. "आता बसली का बघ तुजी म्हस," ती सहज म्हणाली. म्हशीबद्दल तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

बतूल निघताना तिच्यापाशी थांबली. विचारू की नको असं करत शेवटी विचारलंच. "मावशे, ज्याचं माणूस लांब हाय... जिथं जाता पण येत नाय... त्यानं काय करायचं?"

"आपल्याकडं कोरडा आसंल ते द्यायचा गो कुनालातरी. पोचतंय," इंदुबाई म्हणाली आणि पुढची पेंढी उचलली.

बतूल घरी पोचली तेव्हा चार वाजले होते. अमीना फाटकापाशीच उभी होती. "पाऊणला बसली गो! सगळ्या बसल्या, एकदम, कुणी सांगितल्यासारख्या. जांभळीला कळा सुरू झाल्यात, पण खाली नुसती फरशी हाय, पिल्लू गार पडंल..."

गोठ्यात पेंढ्याची एक काडी नव्हती. गावात कुणाकडं नव्हती. बतूल क्षणभर दारात उभी राहिली. मग घरात गेली, कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनी माळ्याची शिडी चढली, आणि सहा वर्षं न उघडलेली ती प्लास्टिकची पिशवी तिनं दातांनी फाडली.

"अगो, फुरकानचं हाय ते!" अमीना ओरडली.

"व्हय," बतूल म्हणाली, "त्याचंच हाय."

तिनं बिस्मिल्ला म्हणून ते लाल ब्लँकेट जांभळीच्या मागं दुहेरी अंथरलं. वीसेक मिनिटांत पिल्लू त्यावर उतरलं. पारडी होती. नाकातोंड पुसल्यावर शिंकली, कान हलवले. जांभळी वळून तिला चाटायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती उत्तरेकडं बघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला, म्हणजे भरतीच्या वेळेला, बतूल गोठ्यात गेली. बाहेर पाऊस कोसळत होता. पारडी आईच्या कुशीत निजली होती, लाल ब्लँकेटच्या एका टोकाला. दुसरं टोक रिकामं होतं. तिथली लव दबलेली होती, माणूसभर लांब.

बतूल घाबरली नाही. ती खाली बसली आणि त्या दबलेल्या जागेवर हात ठेवला. ब्लँकेट कोरडं होतं, आणि कुणी नुकतंच उठून गेल्यासारखं उबदार.

"कोरडं हाय," ती मोठ्यानं म्हणाली. "फुरकान, कोरडं हाय रं." आणि सहा वर्षांत रडली नव्हती तेवढी रडली.